नाल्याकाठचा हरभरा

सौंसर, १० डिसेंबर १९८६, बुधवार

आज जावईबापूंना नाही म्हटलं गेलं. या घरात असं कधी झालं नव्हतं. तरी माझं मन हलकं आहे. का बरं?

माझे सासरे, मामाजी, संत्र्याच्या बागेपलीकडे नाल्याकाठी दरवर्षी हरभऱ्याचा एक तुकडा पेरतात. पूर्वी तो शिकारीसाठी असायचा. चितळं चरायला आली की मचाणावरून बंदूक चालायची. बंदी आल्यावर बंदूक पेटीत गेली, पेरणी मात्र थांबली नाही. का, ते मी कधी विचारलंच नाही.

नणंद आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे जावईबापू, कालच नागपूरहून आलेत. संध्याकाळी त्यांना घेऊन आम्ही तिकडे गेलो. पाच चितळं आली. त्यातली एक मादी लंगडत होती. जावईबापू हळूच म्हणाले, "मामाजी, उद्या बंदूक घेऊन येऊ. इथं कोण पाहून राहिलं?"

मामाजी म्हणाले, "मी पाहून राहिलो ना."

बस, एवढंच. ती लंगडी मादी शांतपणे चरत होती.

आता रुसवा होणार, असंच मला वाटलं. पण जेवताना जावईबापूच म्हणाले, "बंदूक राहू द्या. उद्या किती वाजता जायचं?" नणंदेनं माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

आवराआवर झाल्यावर मामाजींना शेवटी विचारलंच, अजून कशासाठी पेरता म्हणून. सुपारी कातरत म्हणाले, "मारत होतो तं एकच दिसे, ज्याच्यावर नेम असे तो. आता सारे दिसतात, बाई."