समुद्राकाठचा मोकळा रस्ता

मुक्काम देवगडजवळ,
१२ फेब्रुवारी १९३४

ती. अक्काला बहिरूचा इतक्या लांबून दंडवत.

मी बरा आहे. सायकलची काळजी करू नकोस. समुद्राकाठचा रस्ता अगदी मोकळा असतो. काल बारा मैलांत एक बैलगाडीसुद्धा भेटली नाही. देवीची साथ आहे, माणसं गावाबाहेर पडत नाहीत.

तुझा गुडघा कसा आहे? नाशिकची थंडी ओसरली का?

माझं देवीची लस टोचायचं काम चालू आहे. काल एक आजी नातवाला पाठीशी घालून दार अडवून उभी राहिली. म्हणाली, "डागतरानू, तुमच्या पोरीक टोचलात मां?" मी हो म्हणालो. मग तिने त्याचा दंड पुढे केला.

अक्का, हौसाला टोचलेलं नाही. गावोगावची पोरं टोचत हिंडलो, पण ती रडेल म्हणून घरी दोन वर्षं मीच चालढकल केली. तिची आई असती तर तिने माझं ऐकलं नसतं, केव्हाच टोचून घेतलं असतं.

पत्र मिळताच तिला दवाखान्यात ने. कितीही रडली तरी तशीच परत आणू नकोस. आठव्या दिवशी दंडावर फोड भरला तर टोचणी लागली म्हणायची. तेवढंच एका कार्डावर लिहून टाक.

तिला जवळ घेऊन झोप.

तुझा धाकटा,
बहिरू