धुतलेली गाजरं आणि मिलादिनची वाळू

प्रिय वुकाशिनदादा यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे तिहोमिरचा, टोपी काढून नमस्कार. तुम्ही, डोब्रिलावहिनी, दोन्ही गाई आणि तुमचा तो चावरा कुत्रा सगळे धडधाकट असाल अशी आशा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? माझा तुमच्यापेक्षा वाईट आहे, पण तो विषय वहिनींसमोर काढू नका, नाहीतर त्या पुन्हा बदकाच्या चरबीची बरणी पाठवतील. (मागची मी चुकून पावावर लावून खाल्ली. चव चांगली होती.) हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्याकडे फोन नेहमी वहिनीच उचलतात, आणि त्यांना सांगणं म्हणजे देवळाच्या घंटेला सांगण्यासारखं.

तुम्हाला माहीतच आहे की आमच्या लेकीला, यागोदाला, मुलगी झाली म्हणून तुमची बहीण स्तामेना ऑक्टोबरात ग्राट्सला गेली आणि आमच्या शेतातली भाजी काढून तळघरात ठेवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. दादा, मी बत्तीस वर्षं रेल्वेत तिकिटं फाडली. तळघरात मी आजवर फक्त राकियाची बाटली आणायला उतरलो, तेही दिवा न लावता, सवयीने. स्तामेनाने सूचना दिल्या त्या बस सुटताना, खिडकीतून. “गाजरं, बटाटे धुवू—” एवढं मला स्वच्छ ऐकू आलं. पुढचं “नकोस” इंजिनाच्या धुरात गेलं. शेवटी ती ओरडली, “काही अडलं तर स्पासेनियाआजीला विचार!” ते पूर्ण ऐकू आलं, पण बाईमाणसाला विचारून बटाटे ठेवायचे म्हणजे माझीही काही इभ्रत आहे.

तर मी धुतले. न्हाणीघरातल्या टबात, कोमट पाण्यात, कपडे घासायच्या ब्रशने. चार दिवस लागले. गाजरं अशी चमकत होती की मला त्यांचा फोटो काढून ग्राट्सला पाठवायची इच्छा झाली. (पाठवला नाही. देवाने त्या एका क्षणी माझ्याकडे लक्ष दिलं.) बटाटे सुकावेत म्हणून पडवीत उन्हात पसरले, ते तिथेच राहिले. गाजरं, बीट आणि मुळे तळघरात रचले, आणि त्यांना थंडी वाजू नये म्हणून भिंतीतले झरोके जुन्या स्वेटरांनी बंद केले. कोबीचे गड्डे मात्र अगदी रीतीप्रमाणे मुळं वर करून दोरीला टांगले. ते बरोबरच होतं! फक्त खाली मोकळी जागा दिसली, म्हणून सफरचंदांच्या सात पेट्या तिथे लावल्या.

तीन आठवडे मी खाली गेलो नाही. भाजी म्हणजे काय तान्हं मूल आहे सारखं बघायला? स्तामेना दर हिवाळ्यात रोज तासभर तळघरात घालवायची. मी एकदा विचारलं होतं, “खाली करतेस तरी काय एवढं?” ती म्हणाली होती, “गप्पा मारते.” मला वाटलं होतं, चिडून बोलली.

नोव्हेंबरात शेजारची स्पासेनियाआजी (मिलादिनची आई, वय सत्त्याऐंशी, दात दोन, जीभ मात्र पूर्ण) चाळण मागायला आली आणि तळघराच्या पहिल्याच पायरीवर थबकली.

“तिहोमिर, खाली कोण मेलंय?”

“कुणी नाही आजी. भाजी आहे.”

ती काठी टेकत उतरली. मी दिवा लावला. दादा, ते दृश्य मी तुम्हाला सांगणार नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. मुळे तर ओतूनच बाहेर काढावे लागले. बिटांना पांढरी लव आली होती. कोबीची पानं पिवळी होऊन सफरचंदांवर गळत होती. आजीने एक गाजर उचललं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

“आंघोळ घातलीस?”

“घातली.”

“साबण लावलास?”

“नाही.”

“मग एवढी तरी अक्कल आहे म्हणायची.”

मग तिने सांगितलं की अंगावरची माती हेच भाजीचं पांघरूण असतं, ते मी काढून घेतलं आणि वर झरोके बुजवून तिचा श्वासही कोंडला. सफरचंदं ठेवली की कोबी पिवळा पडणारच. पडवीतले बटाटे तिने पाहिले, उन्हाने हिरवेगार झालेले, आणि म्हणाली, “हे डुकरालाही घालू नकोस. डुकराने तुझं काय वाईट केलंय?” आणि स्तामेना एकेक बटाटा हातात घेऊन बघते, लागलेला असेल तो त्याच दिवशी बाहेर काढते, म्हणून आमच्याकडे एप्रिलपर्यंत भाजी पुरते, हेही तिने सांगितलं. मी पायरीवर बसलो. चाळीस वर्षं मी वर बसून तयार सूप प्यायलो, दादा. खरंच वाईट वाटलं.

पण गाजरं बरीचशी टणक होती, साधारण दोन गोण्या. आजी म्हणाली, “ती वाळूत ठेव. थर गाजरांचा, थर वाळूचा. आणि वाळू जराशी ओलसर हवी.” वाळू आणायची कुठून? मिलादिन डुकरांसाठी नवं खोपटं बांधतोय, त्याच्या अंगणात करड्या वाळूचा ढीग होता आणि तो जेवायला गेला होता. मी दोन ढकलगाड्या भरून आणल्या. (सांगणारच होतो त्याला.) मोठ्या लाकडी खोक्यात सुंदर थर लावले, आणि “जराशी” म्हणजे नेमकं किती ते न कळल्याने झारीने तीन वेळा पाणी घातलं.

तिसऱ्या दिवशी सूपसाठी एक गाजर आणायला गेलो. बोटाने उकरलं, उकरेना. चमचा वाकला. कुदळ मारली तर ठिणगी उडाली. इतक्यात वरून मिलादिनचा आवाज आला, “तिहोमिरकाका, माझं वाळू-सिमेंटचं कोरडं मिश्रण कुणी नेलं, पाहिलंत का?” तो खाली आला, खोक्याकडे बघितलं आणि त्याने छातीवर क्रूस काढला. खोकं ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढावं लागलं. उतारावर ते दुभंगलं, आणि त्या दगडात गाजरांच्या केशरी चकत्या अशा काही शोभून दिसल्या की मिलादिनने ते दोन्ही तुकडे खोपट्याला उंबरठा म्हणून बसवले. गावातली माणसं बघायला येतात. स्पासेनियाआजी काठीने ठोकून म्हणाली, “काहीही म्हण, टिकली मात्र. पन्नास वर्षं हलायची नाहीत.”

असो. इकडे बाकी सगळं क्षेम. वहिनींना नमस्कार, गाईंना थोपटणं.

तुमचा,
तिहोमिर

ता. क. : स्तामेना शनिवारी येते आहे आणि एकोणीस डिसेंबरला आमच्या घरच्या संताचा सण. चाळीस पाहुणे आणि नेमका उपवासाचा दिवस, मांस-दूध वर्ज्य, म्हणजे माशाव्यतिरिक्त सगळी भिस्त भाजीवर! तरी कृपा करून बटाट्याच्या तीन गोण्या, गाजरांच्या दोन, कोबीचे वीस गड्डे आणि बीट शुक्रवारपर्यंत पाठवावेत. धुवू नका!! तुमच्याकडची माती तांबूस, आमची काळी, स्तामेना लगेच ओळखेल, म्हणून बसच्या ड्रायव्हरकडे या पत्राबरोबर आमच्या मातीची एक पिशवी देतो आहे. भाजी तीत नीट लोळवावी.

ता. क. दुसरा : पाकीट पुन्हा उघडलं. स्तामेना दोन दिवस आधीच आली. अंगातला कोट न काढता तळघरात उतरली. मी वर उभा राहून ज्या संताचा सण त्यालाच हाका मारत होतो. खालून आवाज आला, वाटलं रडते आहे. गेलो तर पालथ्या पेटीवर बसून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, “पुढच्या वर्षीपासून रोज माझ्याबरोबर खाली यायचं.” मी हो म्हटलं. मग एकदम गंभीर झाली आणि तिने मला शपथ घातली की यातलं अक्षरही तुमच्या घरी कळता कामा नये, कारण दर रविवारी ती ग्राट्सहून वहिनींना फोनवर सांगत होती की माझ्या नवऱ्याने एकट्याने तळघर कसं लख्ख ठेवलंय, आणि वहिनी सणाला मुद्दाम ते बघायला येणार आहेत.

तेव्हा दादा, वरचं सगळं पत्र मी लिहिलेलं नाही. गोण्या मात्र पाठवा, रविवारी वहिनी देवळात गेल्या की. मातीही नक्की लावा, आता ती त्यांच्यासाठी. आणि सणाच्या दिवशी तळघरात तुमच्याच बटाट्यांसमोर उभं राहून, वहिनींना ऐकू जाईल असं एकदा म्हणा, “तिहोमिर, असले बटाटे आमच्याकडे होतच नाहीत.”