दुपारच्या वरणाबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी,
मेहकर, जि. बुलडाणा

विषय : सून सौ. अर्पिता हिने माझ्या पत्नीच्या दुपारच्या ताटातील वरण बंद केल्याची चौकशी होणेबाबत.
संदर्भ : ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा.

महोदय,

माझी पत्नी सत्यभामाबाई हिला कंपवात आहे. हातपाय आखडतात, बसली की उठता येत नाही. गोळी लागू पडली की मात्र ती अंगणात फिरते.

१) सून गोळीच्या वेळी तिला वरण देत नाही, नुसती भाजीभाकर देते. विचारले असता म्हणाली, "मामाजी, रक्त अन् मेंदूच्या मधात एक पडदा असते. गोळी अन् वरण एकाच दारानं आत जातात. वरण पह्यले घुसलं का गोळी बाहेरच राह्यते." हे तिला कोणी पढवले, ते कळत नाही.

२) मेंदूच्या डॉक्टरांना विचारले, तर त्यांनीही तेच सांगितले. त्यामुळे दोघांच्या संगनमताचा माझा संशय बळावला. शिवाय गोळीत दोन औषधे असून एकच मेंदूत जाते, दुसरे बाहेर राहून त्याची राखण करते, असे त्यांनी कबूल केले. बाहेरच राहायचे तर ते गिळायचे कशाला? माझ्या धाकट्या भावाची देशी दारू कोणाच्याही सोबतीशिवाय थेट मेंदूत पोचते. औषधालाच अडवणारा हा पडदा नेमका कोणाच्या बाजूचा आहे, ते तपासावे.

३) खात्रीसाठी, सून शिवणवर्गाला गेल्यावर मी पत्नीस गोळीसोबत वाटीभर तुरीचे वरण भरवले. गोळी मुळीच लागू पडली नाही. ती संध्याकाळपर्यंत खाटेवर लाकडासारखी पडून होती. दुसऱ्या दिवशीही तेच. यावरून सून गोळ्या बदलते हे उघड आहे. मी वरण चालू ठेवून पाळत ठेवली आहे.

साहेब, जिने जन्मभर मला आधी वाढले आणि उरलेले स्वतः खाल्ले, तिच्या ताटात या वयात वरण नसावे, हे मला बघवत नाही. रात्री देते असे सून म्हणते, पण ते पातळ असते.

तरी गोळ्या व सून या दोन्हींची तपासणी व्हावी. पत्नीची सही घेतली आहे. एरवी दुपारी तिला पेन धरवत नाही. आज डाळ संपली होती, तर तिने उठून बसून सही केली. सहीखाली काही लिहिलेही आहे. आजारात तिचे अक्षर मुंगीएवढे झाल्याने मला वाचता आले नाही, परंतु ते तक्रारीला बळकटी देणारेच असणार.

आपल्या चौकशीकडे डोळे लावून बसलेला,
अर्जुन भिकाजी गिऱ्हे
रा. डोणगाव, ता. मेहकर
दि. १८ डिसेंबर २०२४

सोबत : १) गोळ्यांचे रिकामे पाकीट. २) रात्रीच्या वरणाचा नमुना, बाटलीत.

सही : सत्यभामाबाई अर्जुन गिऱ्हे

साहेब, अर्पिताले काही करू नका. वरण मले राती पोटभर भेटते. दुपारी हे लपून चारतात, मंग मले उठता येत नाही. इतक्या मायेनं चारतात का मले नाही म्हनता येत नाही. तुमीच सांगा यायले, दुपारी वरण नका चारू म्हनून.