ड्रम न्यायला या

१४ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुमचा निरोप मिळाला. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मी सगळ्यालाच 'हो, चालेल' म्हणून जाते. म्हणून लिहिते आहे. आम्ही बऱ्या आहोत. सासूबाईंचा गुडघा जरा कमी दुखतो. तुमचा मित्र वारला तेव्हा सोडलेलं काम मी पुन्हा धरलं. दातांच्या डॉक्टरांनी काउंटरवरची माझी जागा कुणाला दिली नव्हती.

चौकातल्या कॅफेने तुमच्या बँडला अखेर शनिवार दिला, त्याबद्दल अभिनंदन. त्या शनिवारासाठी तो किती फिरला ते तुम्हाला ठाऊक आहे. ऑफिसातून आला की डबा ठेवायचा आणि पोस्टरं घेऊन निघायचा. सकाळी बघावं तर वर शिकवणीची जाहिरात चिकटलेली. मीसुद्धा दवाखान्यातल्या मासिकांत तुमची पत्रकं खुपसायचे. तो हसायचा, "गाल सुजलेली माणसं गाणी ऐकायला येतील होय?" मी म्हणायचे, "येतील. निदान मध्येच बोलणार तरी नाहीत."

कॅफेचा मालक दर वेळी एकच विचारायचा, "वाजवता कसं ते राहू दे, माणसं किती आणाल?" की मग माझ्या मावश्यांना, मामेभावांना फोन. इतकं करून मिळाला एक मंगळवार, आणि त्यात निम्मे लोक माझ्या माहेरचे.

तुम्ही दोन गोष्टी मागितल्या आहेत. पोस्टरवर त्याचा फोटो घातला तर लोक येतील, असं तुम्ही म्हणता. तुमच्या मनात वाईट नाही. पण तो होता तेव्हा पोस्टरवर एकट्या तुमचाच चेहरा असायचा. "गायकाचाच फोटो घालतात, वहिनी," असं तुम्हीच मला समजावलं होतं. आता फोटो नको.

दुसरं, नव्या ड्रमरसाठी त्याचा ड्रमसेट.

गेल्या रविवारी मी सरावाच्या खोलीची किल्ली परत द्यायला आले होते. तुम्हाला दिसले नाही, कारण टायरच्या दुकानामागच्या जिन्यातच थांबले. वर ती वाजवत होती, औषधांच्या दुकानातली मुलगी, त्या भाड्याच्या फुटक्या आवाजाच्या सेटवर. गाणं शेवटचं होतं, ज्यात तो नेहमी तालाच्या पुढे पळायचा. तुम्ही गाणं थांबवायचात, "अरे बाबा, गाडी सुटतेय का तुझी?" म्हणायचात. सगळे हसायचे, तोही. घरी आल्यावर मात्र ताटाच्या कडेवर बोटांनी तेच वाजवत बसायचा, जेवण गार होईपर्यंत.

रविवारी ते गाणं न अडखळता संपलं. तुमचा गिटारवाला म्हणाला, "काय मोकळं वाटतंय रे." तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत. "परत एकदा, अगदी असंच," म्हणालात.

त्या मुलीने माझं काही वाकडं केलेलं नाही. सासूबाईंच्या गोळ्यांच्या पाकिटांवर वेळा लिहून देते, नीट समजावते. तरी त्या जिन्यात मला वाटत होतं, तिचा हात चुकावा. एकदा तरी. मी वाट पाहिली. चुकला नाही.

कॅफेच्या मालकाने शनिवार कुणाचं वाजवणं ऐकून दिला, हे मी विचारत नाही. तुम्हीही सांगू नका.

हेवा मला तुमचा पहिल्यापासून होता. संध्याकाळचा तो तुम्हाला मिळायचा, मला दमलेला मिळायचा. तो गेला तेव्हा वाटलं, आता आपण सारखेच झालो. पण तुम्ही त्याच्या जागेवर माणूस बसवलंत. मला तशी सोय नाही.

ड्रम न्या. शुक्रवारी संध्याकाळी या. सासूबाई दार उघडतील. सगळं पुसून ठेवलं आहे. स्टूल त्याच्या उंचीला लावलेलं होतं आणि स्क्रू गंजून घट्ट बसला होता. औषधं घ्यायला गेले तेव्हा त्या मुलीची उंची नजरेने मोजून आले, आणि काल तेल घालून स्टूल माझ्या हाताने खाली घेतलं. तुमच्यापैकी कुणी ते केलेलं मला बघवलं नसतं.

शनिवारी मी येणार नाही. तिचं वाजवताना काही चुकलं तर मला कळवू नका. मला आनंद होईल, आणि तो मला नको आहे.

तुमच्या पहिल्या ड्रमरची बायको