आईच्या फलकावरील गोड मजकूर बदलण्याबाबत

प्रति,
मा. पर्यटन अधिकारी,
महिला प्रवासी व महिला कारागीर भेट विभाग,
पर्यटन कार्यालय.

विषय : माझ्या दिवंगत आईच्या स्मृतिफलकावर तिने न उच्चारलेले वाक्य न कोरण्याबाबत.
संदर्भ : आपण पाहण्यासाठी पाठवलेला फलकाचा नमुना.

महोदया,

१. आपल्या विभागामार्फत येणाऱ्या परदेशी महिलांना माझी आई आमच्या पुढच्या खोलीत वेताच्या टोपल्या विणायला शिकवत असे. तिला त्यांची भाषा येत नसे. दुभाषी मी होते. शेवटच्या दिवशी एका पाहुणीने आपली टोपली पुढे केली. आई म्हणाली, "सांग हिला, टोपली नाही, घरटं झालंय. तेही पक्ष्यानं रागानं सोडलेलं." मी सांगितले, "आई म्हणते, तुमच्या टोपलीत निसर्ग आहे." पाहुणीला भरून आले. तिने आईला मिठी मारली. आई मिठीतूनच मला म्हणाली, "लागलं वाटतं हिला. आता बूड उकल म्हणावं, आणि पुन्हा घाल." दुसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेतच गेली.

२. फलकावर आता 'तुमच्या टोपलीत निसर्ग आहे' हे वाक्य व खाली 'मृदुभाषी कारागीर' असे येणार आहे. शेजारच्या काकूंनी नमुना वाचून विचारले, "हा कोणाचा गं?"

३. याबाबत मी तोंडी विनंती केली असता मूळ वाक्याला साक्षीदार हवा, असे सांगण्यात आले. काकू आल्या. त्यांनी आईची आणखीही बरीच वाक्ये सांगितली. पैकी काही आपल्या कार्यालयाविषयी असल्याने नोंदवून घेण्यात आली नाहीत. पुढे तडजोड म्हणून 'तुमच्या टोपलीत पक्षी राहू शकेल' असा मजकूर सुचवण्यात आला. महोदया, पक्षी राहणार नाही, हाच आईचा मुद्दा होता.

४. खऱ्या शब्दांनी प्रवासी महिला दुखावतील, ही आपली भीती मी समजू शकते. म्हणून त्या पाहुणीला मी खरे काय ते कळवले. तिने बूड उकलून पुन्हा घातले. टोपली आता डगमगत नाही, ती त्यात कांदे ठेवते, आणि आई आणखी काय काय म्हणाली होती, तेही कळवा, असे तिने लिहिले आहे.

५. तरी आईचे शब्द जसेच्या तसे कोरावेत. ते शक्य नसल्यास 'टोपल्या विणत असे' एवढेच ठेवावे, ही विनंती. आईचे बोलणे मी सगळ्यांना गोड करून पोचवले. माझ्या मनातले तिला पोचवायचे मात्र राहून गेले. हा अर्ज आपल्या कार्यालयातील बाकावर बसून लिहिताना ते माझ्या तोंडून मोठ्याने निघाले. रांगेतल्या लोकांनी वळून पाहिले, म्हणून येथे नोंदवते : "आई, तू बोलायचीस ना, ते मला तस्संच आवडायचं गं."

आपली नम्र,
टोपलीवाल्या बाईंची मुलगी
दिनांक : फलक लागण्याच्या आदल्या दिवशी