देणगीदारांच्या पानावर तू

आई, आपल्या मंडळाचं पुस्तक अखेर छापून आलं. बेंगळुरूतल्या मराठी माणसांच्या कथा, कविता, लेख. चांगलं जाडजूड आहे, मुखपृष्ठ मात्र भडक. तुला मुळीच आवडलं नसतं. पण मला सांगायचंय ते पुस्तकाच्या पैशांबद्दल.

तुझा नियम तुला आठवत असेलच. कारखान्याच्या कॉलनीतलं आपलं क्वार्टर ऐसपैस, बाकीच्यांचे संसार एकेका खोलीत, म्हणून मंडळाची बैठक कायम आपल्याकडे. अजून डोळ्यांसमोर आहे: मी स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकते आहे आणि तू पोहे परतता परतता बाहेर डोकावून, कविता फार लांबली म्हणून कुणाला तरी दटावते आहेस. ज्याच्या घरी बैठक, त्याने त्या दिवशी वाचायचं नाही, हे तूच ठरवलं होतंस. "खाल्ल्या मिठाला जागून लोक खोटं कौतुक करतात," म्हणायचीस. त्यामुळे तू स्वतः कधीच वाचलं नाहीस. बाबा एकदा म्हणाले, "अगं, एखादी बैठक दुसरीकडे ठेवू." तू म्हणालीस, "आणि डबे कोण वाहणार?" तो विषय तिथेच संपला.

पुस्तकाचं ठरलं तेव्हा संपादक म्हणून मी तोच नियम पुढे रेटला: ज्याचं लिखाण आत, त्याची देणगी नको. ऐकायला बाणेदार वाटतं, पण आपल्या मंडळात न लिहिणारा माणूस औषधालाही सापडत नाही! कोरमंगलात राहणारी, पुण्याहून नोकरीला आलेली एक मुलगी म्हणाली, "काकू, पैसे देणाऱ्याला एक पेज देऊन टाकू ना, वीकेंडमध्ये फंड जमेल." मी म्हटलं, "मग पुस्तक कशाला, टेलिफोन डिरेक्टरीच छापू." सगळे हसले, पैसे काही जमले नाहीत. पीण्या औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप असलेले आपले अण्णा, आयुष्यभर नुसतं ऐकणारे, त्यांनी मात्र मोठी रक्कम दिली. आणि सोबत तुझा लेख. कधीतरी तू त्यांना वाचायला दिला होतास म्हणे. एकमेकींची भाषा येत नसताना शेजारच्या अक्कांशी नुसत्या भाजीच्या वाट्यांची देवाणघेवाण करून तू जोडलेली मैत्री, त्यावरचा. मला ठाऊकही नव्हतं तू असं लिहितेस. समितीने तो एकमताने घेतला. माझीही एक कथा घेतली होती, छापून येणारी पहिलीच.

मग छापखान्याने सांगितलं, उरलेले पैसे आल्याशिवाय काम सुरू होणार नाही. विचारायला कुणी उरलं नव्हतं. तू जाताना माझ्या नावावर केलेली ठेव होती, ती मी मोडली आणि देणगी तुझ्या नावाने दिली. देणगीदार तू म्हटल्यावर नियमाने तुझा लेख काढावा लागला. अण्णा हे ऐकून तडक के. आर. पुरमला माझ्या घरी आले.

"स्वल्प विचार कर ग," ते म्हणाले. "तुझ्या आईचं एकदा तरी छापून येऊ दे की. तुझी कथा काढ, तुला पुढं वेळ आहे."

"पैसे आईचे आहेत, अण्णा. आणि नियमही तिचाच."

"नियम मोडला म्हणून ती रागवायला येतीय होय आता?"

मी कॉफी ठेवायला उठले. "सरी, तू म्हणशील तसं," अण्णा म्हणाले आणि चपला घालून निघाले. कॉफीसुद्धा घेतली नाही. या घरातून ते असे कधीच गेले नव्हते. मला वाईट वाटलं, पण मी त्यांना थांबवलं नाही.

प्रकाशन छान झालं. देणगीदारांच्या पानावर तुझं नाव सगळ्यात वर आहे. लोक येऊन सांगत होते, आईच्या तत्त्वाला जागलीस, तिला अभिमान वाटला असता. मी नमस्कार करत होते. अण्णा मागच्या रांगेत बसून पानं चाळत होते, माझ्याकडे आले नाहीत. हे पत्र त्यांना दाखवावं असं दोनदा मनात आलं, पण दाखवणार नाही. नियमाचं मी सगळ्यांना सांगते ते अर्धंच खरं आहे, आई. छपाईआधी मी तुझा लेख आणि माझी कथा पाठोपाठ वाचून पाहिली होती. दोन्ही एकाच पुस्तकात आली असती, तर माझी कथा कुणाच्या लक्षातही राहिली नसती.