हॉलचा फॅन, शनिवारच्या आत

ता. ३, सोमवार
रिटायर होऊन बारा दिवस. 'सुरक्षा सप्ताह : प्रथम क्रमांक' हे ऑफिसातलं प्रशस्तिपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. स्विचबोर्डाच्या बरोब्बर वर, म्हणजे दिवा लावणाऱ्याला दिसलंच पाहिजे. खिळा चार इंची. ही म्हणाली, लहान चालला असता. हिला मजबुतीचं महत्त्व नाही.

ता. ४, मंगळवार
हॉलचा फॅन लावला की मेन खटकन पडतो, घरभर अंधार. घर पन्नास वर्षांचं, वायरिंगही तेवढंच. आधीच्या मालकाचा हलगर्जीपणा, दुसरं काय!
शनिवारी अकराला कन्येचा इंटरव्ह्यू, घरूनच, लॅपटॉपवर. आधीचे तीन हुकलेत, पोरगी धास्तावलेली. ही म्हणते वायरमनला बोलवा. कशाला? प्रशस्तिपत्र काय उगाच मिळतं? (ते जिन्यात 'सावकाश चाला' अशी पाटी लावल्याबद्दल होतं. पण तत्त्व एकच.)

ता. ५, बुधवार, सकाळी ९
टेस्टर आणला. मेन बंद करून फॅन उतरवला. फॅन नसतानाही बटण दाबलं की मेन पडतोच. म्हणजे फॅन निर्दोष. मोठीच प्रगती.

दुपारी १
फॅन परत वर चढेना. तूर्त सोफ्यावर ठेवलाय. ही विचारते, आता बसायचं कुठे.

ता. ६, गुरुवार
फ्रिज, मिक्सर, दारावरची बेल, सगळ्यांची कसून चौकशी. कोणीच कबूल होईना.
शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठून वायरमनच्या नंबरची चिठ्ठी दिली. घरात बोललो नाही, खिशात टाकली.
कन्या म्हणाली, बाबा, फॅनशिवाय चालेल, फक्त आता कशालाही हात लावू नका. केवढी काळजी करते माझी! डोळे भरून आले.

ता. ७, शुक्रवार
दोष शोधायला भिंत ठोकून पाहिली. त्यात फ्रेम कलली, म्हणून खिळ्यावर आणखी दोन दणके दिले. योगायोग असा, की नेमका तेव्हाच मेन पडला, तो वर राहीचना. जुनं वायरिंग, कधी दगा देईल नेम नाही.
ही तडक काकूंकडे गेली. हे लक्षण बरं नव्हे.

ता. ८, शनिवार, सकाळी १०.४०
कन्या लॅपटॉप काखोटीला मारून काकूंकडे गेली. चौथाही माझ्यापायी हुकला तर? मुकाट्याने खिशातली चिठ्ठी काढून हिच्या हातात दिली. ही म्हणाली, तो येतोच आहे, काकूंनी मलाही दिली होती.

दुपारी १
वायरमनने टेस्टरसुद्धा काढला नाही. दारातूनच विचारलं, हा खिळा कधी ठोकला? हिनं माझ्याकडे पाहिलं. मी प्रशस्तिपत्राकडे. खिळा वायरीतून आरपार गेला होता. तासाभरात वायर बदलली, फॅनही चढवला. मला शिडी धरायला ठेवलं होतं.

संध्याकाळी ७
फोन आला, कन्येची निवड झाली! अडचणीत काय करता, असं त्यांनी विचारलं होतं म्हणे. तिनं आमचा सबंध आठवडा सांगितला. मुलाखत घेणारे तिघेही पोट धरून हसले. म्हणजे नोकरीत माझाही वाटा आहेच.
नेमणूकपत्र आलं की फ्रेम करून त्याच भिंतीवर लावणार. आत्ताच जागा बघून ठेवावी म्हणून हातोडी शोधली. कुठेच नाही. वायरमन घेऊन गेला. हिनंच दिली.